चिकलठाण्याच्या कारखान्यातली निनावी खबर

पोलीस खात्यातली माझी बहुतेक वर्षे मारामाऱ्या, घरफोड्या आणि खुनांच्या तपासात गेली. त्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे प्रकरण मात्र मनात जसेच्या तसे आहे. त्या गुन्ह्यात कोणाला ओरखडाही आला नव्हता. तरी त्यात जेवढी माणसे मोडलेली मी पाहिली, तेवढी फार थोड्या गुन्ह्यांत पाहिली असतील. सगळी हयात आहेत, म्हणून नावे देत नाही.

नोकरीच्या अखेरीस माझी बदली संभाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात झाली होती. एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच त्या कारखान्याचे अधिकारी घाईघाईने आत आले. वाहनांचे रबरी भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. पहिल्या पाळीच्या लोकांनी संगणक सुरू केले, तर प्रत्येक पडद्यावर एकच इंग्रजी मजकूर होता : तुमच्या सर्व फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, खंडणी द्या आणि किल्ली घ्या. डिझाइन, ऑर्डरी, यंत्रांचे प्रोग्रॅम, काहीच उघडत नव्हते. बॅकअप होता, पण तोही त्याच यंत्रणेला जोडलेला. त्यामुळे तोही गेला होता.

फिर्याद घेऊन गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्यासाठी आम्ही कारखान्यात गेलो. माझ्यासोबत ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षक होत्या. संगणकाच्या तपासात त्या माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होत्या आणि मला त्याचा आधार वाटे. कारखान्यात यंत्रे थंड पडली होती. कामगार भिंतीला टेकून बसले होते. कंत्राटी कामगार आम्हाला एकच विचारत होते, "साहेब, उद्या येऊ का नको?"

कॅन्टीनच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड होता. वर लिहिले होते, 'जाळ्यात अडकलेले', आणि खाली काही कर्मचाऱ्यांची नावे. मी विचारले तेव्हा मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्याने अभिमानाने सांगितले, "सर, आपण सायबर जागरूकता मोहीम घेतली होती. कंपनीनंच एक खोटा मेल पाठवला, दिवाळी भेटीचा. ज्यांनी लिंक दाबली त्यांची नावं इथं लावली. लाज वाटली की माणूस लक्ष देतो."

मी बोर्डावरची नावे वहीत उतरवून घेतली. आरोपीला लाज वाटली की तो कबुली देतो, असा समज आमच्या खात्यातही आहे. माझा अनुभव उलटा होता. लाज वाटली की माणूस लपतो.

त्याच दुपारी ठाण्याच्या दूरध्वनीवर निनावी खबर आली. ठाणे अंमलदाराने ती डायरीत नोंदवली. बोलणारा पुरुष वयस्क वाटत होता आणि त्याची भाषा शुद्ध होती. "कारखान्यातल्या संगणक विभागाच्या इंजिनिअरची चौकशी करा. त्यानं भर बैठकीत धमकी दिली होती." एवढे सांगून त्याने फोन ठेवला.

बैठकीची माहिती काढली, तर खबर खरी निघाली. कारखान्यात नवी संगणक यंत्रणा बसवायची होती आणि ती कशी बसवायची यावरून दोन तट पडले होते. पुण्याहून आलेल्या प्रकल्प प्रमुखाला नवी पद्धत हवी होती. तिला ते अजाईल म्हणत. कामाचे छोटे तुकडे करायचे, दर पंधरवड्याला काहीतरी चालू करून दाखवायचे, रोज सकाळी उभ्याउभ्या बैठक घ्यायची. इंजिनिअरचा आग्रह जुन्या पद्धतीचा होता. आधी पूर्ण आराखडा, मग एकेक टप्पा, प्रत्येक टप्प्याची तपासणी, त्यावर सही आणि नंतरच पुढचे काम. वाद वाढत गेला. शेवटी मालकाने नव्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला. तेव्हा इंजिनिअर उठून म्हणाला होता, "एक दिवस सगळं बंद पडंल, मग कळंल तुम्हाला." हे वाक्य ऐकणारे साक्षीदार भरपूर होते. त्यातच उपनिरीक्षकांना पहिल्या तपासणीत दिसले की, फायलींना कुलूप लागले तेव्हा यंत्रणेत इंजिनिअरचाच मुख्य पासवर्ड वापरला गेला होता.

उद्देश होता, धमकी होती, पासवर्ड होता. कारखान्याचे मालक अटकेसाठी मागे लागले. मी नोटीस देऊन इंजिनिअरला चौकशीला बोलावले.

तो शेंद्र्याजवळच्या एका गावचा. घरची काही जमीन औद्योगिक क्षेत्रात गेलेली, उरलेल्या तुकड्यावर वडील अजून राबत होते. भावकीतला पहिला इंजिनिअर. वडील त्याच्यासोबत आले आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहिले.

"धमकी दिली होतीस?" मी विचारले.

"धमकी नव्हती साहेब, राग होता. म्या सांगत होतो, बॅकअप अलग ठेवा, लॉगिनला दुसरी पायरी लावा. नवी पद्धत आल्यावर दर पंधरवड्याला ते काम यादीत यायचं आन दर पंधरवड्याला पुढं ढकललं जायचं. का, तर ते दाखवायला काही दिसत नाय. मालकाला पडद्यावर रंगीत आलेख पायजे होते."

"मग दाखवून दिलंस?"

तो एकदम ताठ झाला. "साहेब, चालू होती ती यंत्रणा मीच उभी केली. आपल्या हातानं आपलंच घर कोण पेटवतं?"

"तुझा पासवर्ड वापरला गेला आहे."

"तेच मला कळंना झालंय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा खाली गेला.

खोटे बोलणाऱ्या माणसाकडे पासवर्डचे उत्तर तयार असते. कोणीतरी चोरला, मी कुठेतरी लिहून ठेवला होता, असे काहीतरी तो पुढे करतो. याच्याकडे काहीच नव्हते. मी त्याला अटक केली नाही. मात्र गावात बातमी पोचायला अटक लागत नाही. दुसऱ्या खेपेला त्याचे वडील मला म्हणाले, "साहेब, पोरगं कंपनीत लागलं तवा गावात पेढे वाटले होते. आता लोकं दारावरून जाताना वाकून बघतेत. सोयरीक जुळत आली व्हती, त्यांनी फोन घेणंच बंद केलंय." मी म्हणालो, तपास पूर्ण होऊ द्या. याहून जास्त काही सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

दरम्यान उपनिरीक्षक एकेका संगणकाच्या हार्ड डिस्कची प्रत काढून तपासत होत्या. एके दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सर, कुलूप लावताना इंजिनिअरचा पासवर्ड वापरला हे खरं. पण चोर आत शिरला तो दुसऱ्या दारानं. खरेदी विभागातल्या एका संगणकावर पुरवठादाराच्या नावानं खोटा मेल आला होता. त्यातली फाईल उघडली गेली. नंतर मेल पुसून टाकलाय. हे सगळं बंद पडण्याच्या बरंच आधी."

"आणि इंजिनिअरचा पासवर्ड?"

"तो त्याच संगणकात साठून राहिला होता. त्यानं कधीतरी दुरुस्तीसाठी तिथं स्वतःचं लॉगिन टाकलं असणार. चोरांनी तिथूनच उचलला."

तो संगणक खरेदी विभागातल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याचा होता. सगळा कारखाना त्यांना काका म्हणत असे. जुन्या शहरातल्या गुलमंडीजवळ राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य आणि कारकुनी केलेल्या घरातले, निवृत्तीला टेकलेले. कॅन्टीनच्या बोर्डावर पहिलेच नाव त्यांचे होते.

निनावी फोनचा तपशीलही तेव्हाच हाती आला. फोन गुलमंडीतल्या एका कापड दुकानाच्या लँडलाइनवरून झाला होता. हवालदाराला घेऊन मी तिथे गेलो. दुकानदार गादीवर बसूनच म्हणाला, "हौ साब, याद है. हमारे पुराने गिऱ्हाईक हैं. बोले मोबाइल की बॅटरी गई, एक फोन करने दो. फोन करके वहींच बैठ गए. उठे तो फोन के पैसे गिन के गादी पे रख गए." काकांचा फोटो त्याने लगेच ओळखला.

काकांना मी ठाण्यात बोलावले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मी चहा मागवला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. मी दुकानाचे नाव घेतले, तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"साहेब, ती फाईल मीच उघडली," ते म्हणाले. "नेहमीच्या पुरवठादाराचा मेल होता, सुधारित ड्रॉइंग म्हणून. आत काहीच नव्हतं. संध्याकाळी पुरवठादाराला फोन केला, तर तो म्हणाला, मी काही पाठवलंच नाही. तेव्हा कळलं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत? त्या दिवशी सांगितलं असतं तर नुसता एक संगणक बाजूला काढून भागलं असतं."

"सांगायला निघालो होतो. त्या इंजिनिअर मुलाच्या टेबलापाशी गेलोही होतो. तो फोनवर होता. मी कॅन्टीनमध्ये जाऊन थांबलो, तर समोर तो बोर्ड. पोरं येता-जाता विचारायची, 'काका, दिवाळी भेट मिळाली का?' इतकी वर्षं नोकरीत कोणी माझ्याकडं बोट दाखवलं नव्हतं. परत तेच ऐकायचं बळ राहिलं नव्हतं. मेल पुसला आणि घरी गेलो. रोज सकाळी वाटायचं, काही झालं नाही, म्हणजे काही होणार नाही."

"आणि ठाण्यात फोन?"

त्यांनी खिशाचे पेन काढले आणि पुन्हा जागेवर लावले. बाहेर वायरलेस संचावर संदेश चालू होते.

"तो हुशार आहे," शेवटी ते म्हणाले. "वाटलं, तो यातून सुटेल. मी सुटलो नसतो."

सराईत गुन्हेगारांच्या तोंडून मी पुष्कळ काही ऐकले आहे. पण एका भल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य ऐकताना मला मान वर करता येईना. जबाब वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि वळणदार अक्षरात सही केली.

इंजिनिअरला मी स्वतः सांगितले. त्याच्यावरचा संशय दूर झाला हे ऐकून त्याचा चेहरा जरा उजळला. फोन कोणी केला होता हे सांगितल्यावर तो नुसता "काका?" म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, प्रिंटर बिघडला की काका मलाच बोलवायचे. दुसऱ्या कुणाला मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. तिथंच टाकला असंल म्या पासवर्ड. त्यांच्या मशीनचं कशाला भेव धरायचं, असं वाटायचं." खोटी माहिती दिल्याबद्दल काकांवर कारवाई व्हावी असे वाटते का, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "नगं. त्यानं माझी सोयरीक परत येणार नाय." मी कायद्याप्रमाणे अहवाल न्यायालयात पाठवला. पुढे समज देऊन ते प्रकरण मिटले.

बाकीचे काही मिटले नाही. ज्यांनी खंडणी मागितली ते परदेशात कुठेतरी बसले होते आणि त्यांच्यापर्यंत आमचा हात पोचला नाही. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, अशा अर्थाची 'अ' समरी शेवटी मला पाठवावी लागली. स्वतः केलेल्या तपासावर तशी सही करणे किती जड जाते ते पोलिसालाच ठाऊक. मोठ्या ग्राहकाने ऑर्डर दुसरीकडे नेली आणि एक संपूर्ण विभाग बंद झाला. कंत्राटी कामगारांना मिळायचे ते उत्तर मिळाले. निवृत्तीच्या तोंडावर काकांना घरी बसवले. प्रकल्प प्रमुख दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत रुजू झाला. इंजिनिअरला कोणी काढले नाही. पण तो खोलीत आला की बोलणी थांबत. त्याने राजीनामा दिला आणि पुण्याला गेला. पुढे एकदा त्याचे वडील न्यायालयाच्या आवारात भेटले. मी मुलाची चौकशी केली. "बरं हाय," ते म्हणाले. "पण लई मुका झालाय. कुणाच्या मशीनला हात लावत नाय म्हणतो. लिहून मागतो आधी."

जुनी पद्धत बरी की नवी, हा वाद त्या कारखान्यात माझ्यासमोरही झाला. दोन्ही बाजूंचे जबाब मी घेतले आहेत. माझ्या अल्पमतीला एवढे समजले की दोन्ही पद्धतींनी काम नीट होऊ शकले असते. जुन्या पद्धतीत सुरक्षेचे काम शेवटच्या टप्प्यात होते आणि शेवटचा टप्पा घाईत उरकला जातो. नव्या पद्धतीत ते पुढच्या पंधरवड्यात होते आणि पुढचा पंधरवडा कधी आलाच नाही. पद्धत कामासाठी निवडली गेली असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे ती निवडली गेली कोणाचे म्हणणे वर राहावे यासाठी. जो हरला त्याचा इशारा मग सगळ्यांना धमकीसारखा ऐकू आला.

निवृत्तीनंतर मला कारखान्यांत सायबर सुरक्षेवर व्याख्यानांना बोलावतात. मध्यंतरी असाच एका कंपनीत गेलो होतो. सभागृह भरलेले होते, पहिल्या रांगेत व्यवस्थापन. मी सुरुवातीलाच विचारले, "आजवर चुकून चुकीची लिंक दाबली, नको ती फाईल उघडली, असं कोणाकोणाचं झालंय? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. मागच्या रांगेतल्या एका मध्यमवयीन माणसाचा हात थोडा उचलला गेला. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिले आणि त्या हाताने केस सारखे केले.

व्यवस्थापक माझ्या कानाशी वाकून आनंदाने म्हणाले, "बघा साहेब, आमच्याकडं सगळे जागरूक आहेत." मी माईक हातात धरून उभा होतो. व्याख्यानाचे कागद बाजूला ठेवले आणि कॅन्टीनमधल्या त्या बोर्डापासून बोलायला सुरुवात केली.