कृष्णाजी कंट्रोलरांचं नाक

बार्शीचा माणूस घरात मासे काय आणणार, हा प्रश्न कृष्णाजींनी लग्नाच्या बोलणीतच विचारला होता आणि देवव्रतला त्याचं उत्तर अजून सापडलं नव्हतं. बार्शीला समुद्र नाही. नोकरीसाठी तो बंगळूरला आला, तर समुद्र इथेही नाही.

कृष्णाजी म्हणजे त्याचे सासरे, घरातले अप्पा. वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी आवाज खात्यातच राहिला होता. घरात नुसतं "चहा" म्हणाले तरी वाटायचं, आता चहा फलाटावर लागणार. पण खरा लौकिक त्यांच्या नाकाचा. बंदरावर बाईने टोपलीवरचं गोणपाट उचलायच्या आत ते सांगत, मासा आजचा की कालचा. त्यांना लांबून बघितलं की बायका शिळी टोपली मागे सरकवत, असं स्वानंदी कौतुकाने सांगायची. स्वानंदी ही त्यांची एकुलती एक मुलगी आणि देवव्रतची बायको.

सासूबाई गेल्यापासून अप्पा तिकडे एकटे होते. गेल्या महिन्यात शेजारच्या सोयराबाईंनी पहाटे दार बडवून त्यांना बाहेर काढलं. घरभर गॅस पसरला होता. "नळी जुनी होती," अप्पा फोनवर म्हणाले. स्वानंदीने त्याच दिवशी ठरवलं, अप्पांना आता बंगळूरला, बनशंकरीतल्या आपल्या घरीच आणायचं, कायमचं.

अप्पा आले, पण आठवडाभर राहून बघतो म्हणून. पिशवी काही त्यांनी रिकामी केली नाही. लागेल तो सदरा काढायचा आणि चेन परत लावायची. पिशवी दाराजवळ, सुटायच्या गाडीसारखी उभी.

"माशांशिवाय आपलं जमायचं नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. देवव्रतने सुरमई आणली. "चव नाय." पापलेट आणलं. "चव नाय." बांगड्याला तर ते काहीच बोलले नाहीत, नुसतं वरून मीठ मागितलं. आज आठवडा संपला. रात्रीची बस होती आणि स्वानंदी सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हती.

म्हणून देवव्रतने टूनाचा बेत काढला. वेंगुर्ल्याच्या चवीशी सामना करून हरण्यापेक्षा वेंगुर्ल्यात होतच नाही असा प्रकार करावा, हा त्याचा हिशेब. टूनाच्या जाड चकत्या, नुसतं मीठ आणि मिरी, कडक तापलेल्या तव्यावर एकेका बाजूने जेमतेम मिनिटभर, आतून गुलाबीच ठेवायच्या. त्यासाठी मासा ताजाच हवा. सकाळी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात त्याने समोर उभं राहून दोन बोटं जाडीच्या चकत्या कापून घेतल्या, बर्फात घालून थर्माकोलचा डबा मांडीवर घेतला आणि रिक्षात बसला. रिक्षा निम्म्या वाटेत अडकली.

"स्वल्प जाम, सर," रिक्षावाला म्हणाला आणि इंजिन बंद करून मागे रेलला.

डब्यातून पाणी गळून देवव्रतच्या पँटवर उतरायला लागलं. टूना गरम राहिला की बिघडतो आणि मग कितीही भाजा, खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, छाती धडधडते, हे त्याने कालच वाचलं होतं. सासऱ्याला राहायचा आग्रह करायला निघालो आणि दवाखान्यात ठेवून आलो, असं व्हायचं.

घरी पोचल्या पोचल्या त्याने स्वानंदीला चुकवून डबा अप्पांसमोर धरला. "अप्पा, वाटेत उशीर झाला. जरा वास घेऊन सांगता?"

अप्पांनी डबा बघितला. मग डोळे मिटले, नाक खाली नेलं, लांब श्वास ओढला. देवव्रतने आपला धरून ठेवला.

"फर्स्टक्लास," अप्पा म्हणाले. "आजचाच. आमच्याकडे ह्येका कुपो म्हणतत. पण जावईबापू, मिनिटभर भाजून कुपो शिजत नाय."

"तेच तर दाखवायचंय तुम्हाला."

नाकाने पास केलं म्हटल्यावर देवव्रतच्या अंगात बळ आलं. घरमालकीण वीणाअक्का वरच राहतात आणि त्यांना मासळीचा वास चालत नाही, म्हणून त्याने स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून घेतली. मोठ्या शेगडीवर बिडाचा तवा चढवला, ती पेटवली मात्र नाही. छोटीवर स्वानंदीने दूध तापत ठेवलेलं होतं. अप्पा ओट्याला टेकून परीक्षकासारखे उभे राहिले. डबा बाल्कनीत ठेवला होता, तिथून चकत्या आणायला देवव्रत गेला, एकेक चकती कागदाने टिपून कोरडी केली, मीठ चोळलं, मिरी भरडून लावली. त्यात थोडा वेळ गेला.

ताट घेऊन तो परत वळला आणि स्वयंपाकघराच्या दारातच त्याच्या नाकात भपकारा शिरला.

दूध उतू जाऊन छोटी शेगडी विझली होती. कॉक उघडाच होता. पातेलं अप्पांनी बाजूला उचलून ठेवलेलं. ते नाक-तोंड त्या शेगडीवर वाकवून मोठी पेटवायला उभे होते आणि त्यांच्या हातात लायटर होता.

"तवा तापत ठेवतंय," ते म्हणाले आणि त्यांनी अंगठा दाबायला घेतला.

"अप्पा, नको!"

ताट कुठे ठेवलं ते देवव्रतला नंतरही आठवलं नाही. त्याने सासऱ्याचं मनगट धरून पिरगाळलं, लायटर हिसकावून घेतला, दुसऱ्या हाताने कॉक बंद केला, सिलिंडर बंद केला, खिडकी सताड उघडली. मग दोघंही खिडकीच्या गजांना धरून धापा टाकत उभे राहिले.

"काय झालं रे?" बाहेरून स्वानंदी ओरडली.

"दूध उतू गेलं!" देवव्रतने ओरडून सांगितलं. ते खोटं नव्हतं.

त्याने अप्पांकडे बघितलं. अप्पा मनगट चोळत बाहेर बघत होते.

"तुम्हाला वास नाही आला?" त्याने हळूच विचारलं.

अप्पा खिडकीचा गज नखाने खरवडायला लागले.

"सोयराबाईंनी दार बडवलं, तेव्हाही नव्हता आला?"

"त्या साथीत ताप आलो," अप्पा अगदी खालच्या आवाजात म्हणाले. कंट्रोलरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "वास गेलो तो गेलोच. चवपण गेली. तिका सांगू नको."

सुरमई, पापलेट, बांगडा एकदमच देवव्रतच्या डोळ्यांपुढून गेले.

"मी सांगत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगायचं. जेवण संपायच्या आत. नाहीतर मग मी सांगतो."

"सासऱ्याक धमकी देतस?"

"हो."

अप्पांनी त्याला खालून वर न्याहाळलं. मग त्यांची नजर ताटाकडे गेली. ते फ्रिजवर होतं. "आणि ह्याचं काय? मी फर्स्टक्लास म्हटलंय त्याका काय अर्थ नाय."

खरंच की. स्वयंपाकघरात आता नाक एकच होतं आणि ते बार्शीचं होतं.

"तूच घे वास," अप्पा म्हणाले. "कसो येता? आंबूस?"

देवव्रत ताटावर वाकला. "आंबूस नाही. लोखंडासारखा. विहिरीच्या ओल्या रहाटासारखा."

"बरा. बोट दाब. खड्डो रवता?"

"नाही, वर येतो."

"बर्फ सगळो गेल्लो?"

"तळाला होता. हात बधिर होत होता."

अप्पांनी जरा विचार केला. "घाल तव्यार."

गॅसचा वास पुरता गेल्याची देवव्रतने तीनतीनदा खात्री केली. खिडकी आता वीणाअक्कांना घाबरत नव्हती, उघडीच राहिली. तवा धुरावला, चकती चर्रकन बसली. दोघंही तिच्या कडेकडे बघत होते. लालावर खालून करडा रंग चढत होता. करडा पट्टा अर्धा बोट चढला तेव्हा देवव्रतने चकती उलटली, आणि तेवढाच वेळ थांबून उतरवली.

स्वयंपाकघरातच तिघं जेवायला बसले. स्वानंदीने लिंबू पिळलं. अप्पांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. ताटात चार तुकडे, मग तीन. अप्पा बसच्या थांब्यांबद्दल बोलले. दोन. बेळगावातल्या पावसाबद्दल बोलले. एक. देवव्रतने घसा खाकरला.

अप्पांनी शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला सारला.

"स्वानंदी, कसो लागता गो ह्यो?"

"खाताय तुम्ही, आणि मला काय विचारताय?" ती हसली.

"तूच सांग. माका काय लागणा नाय. दोन वर्सां झाली, चेडवा. कसलोच वास येणा नाय."

स्वानंदीचा हात ताटात तसाच राहिला. तिने देवव्रतकडे बघितलं, मग उघड्या खिडकीकडे, मग कडेला सांडून वाळलेल्या दुधाकडे. तिचा चेहरा उतरत गेला. ओरडेल, असं देवव्रतला वाटलं. ती ओरडली नाही. तिने तो तुकडा उचलून तोंडात घातला.

"वरून खरपूस आहे," ती म्हणाली. "आत मऊ. लोण्यासारखा नाही, त्याहून घट्ट. आई करायची तसा नाहीच लागत. मिरी जास्त पडलीय."

"मिरी बरोबर आहे," देवव्रत म्हणाला.

"जास्त पडलीय, अप्पा."

"पडली असतली," अप्पा म्हणाले. "बार्शीचो आसा."

देवव्रत पाणी आणायला उठला. दाराजवळून जाताना त्याने ती पिशवी पायानेच आतल्या खोलीकडे ढकलली.

"पायान नको रे," मागून आवाज आला, आता पुन्हा फलाटावरचा. "आत सोलांची बरणी आसा. हातान उचलून ठेव."