जाळीबाहेरचा बाप

दर शनिवारी मी मुलीला घेऊन साताऱ्याकडं कुठं जातो, हे उंब्रजात कुणाला सांगून पटायचं नाही. "घोडीकडं जातोय" म्हटलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "पोरीला आत्तापासनंच भरतीला उभं करतायसा व्हय?" फौजेतनं आलेल्या माणसानं काहीही केलं तरी लोकांना ती भरतीचीच तयारी वाटते. आता फौजेतली माझी बरीचशी वर्षं स्टोअरमध्ये ब्लँकेटांच्या घड्या घालण्यात गेली, हे गावाला माहीत नाही. मीही खुलासा करत नाही. एकदा खुलासा सुरू केला की मला तो थांबवता येत नाही.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. डोकं तल्लख, पण हातातलं काम पुरं व्हायच्या आत तिला दुसरं काहीतरी दिसायचं. दप्तर भरताना खिडकीत चिमणी आली की दप्तर निम्मं आणि पोरगी अंगणात. एक मोजा पायात, एक हातात, अशी ती कितीतरी वेळा शाळेच्या गाडीपर्यंत गेलेली आहे. यावर आम्ही घरच्याघरी एक सोपा उपाय काढला होता. तिचं जे राहील ते आपण करून टाकायचं. मोजा मी चढवायचो, दप्तर बायको भरायची, आणि कुणाचीच गाडी चुकायची नाही.

कराडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा आळस नाही आणि लाडही नाहीत, लक्ष टिकवायची अडचण आहे. त्यांनी ऑक्युपेशनल थेरपी सुचवली. म्हणजे रोजची कामं मुलाच्या हातून क्रमानं, नीट व्हावीत म्हणून करून घेतलेला सराव. तो करून घेणाऱ्या मॅडम मूळच्या सांगलीच्या, आणि त्यांच्या मदतीला एक तांबडी घोडी होती.

घोडी महाबळेश्वरची. पावसाळ्यात तिथं पाऊस तेवढा उरतो, पर्यटक उरत नाहीत. मग तिचा मालक, एक घोडेवाला, तिला खाली आणायचा आणि साताऱ्याजवळच्या एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ठेवायचा. मॅडमनी त्याच्याशी ठरवून टाकलं होतं. दिवाळीपर्यंत घोडी मुलांची, दिवाळीला ती परत वर, धंद्यावर. शेडमध्ये वाळू टाकलेली. पूर्वी जिथं कोंबड्या असायच्या तिथं आता घोडी आणि मुलं, आणि बाहेर जाळीला नाकं लावून आम्ही पालक, माना वेळावत उभे. मॅडमचा नियम एकच होता. पालकांनी जाळीच्या बाहेर राहायचं आणि बोलायचं नाही.

मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी पोरगी घोडीवर बसेल. तिच्या हातात आला खरारा. आधी खराऱ्यानं घोडीचं अंग घासायचं, मग मऊ ब्रश, मग तोंडावर म्होरकी, म्हणजे दोर लावायचा पट्टा, चढवायची, दोर धरून वाळूत ठेवलेल्या चार डब्यांमधनं नागमोडी फिरवून आणायची आणि खुंटीला बांधायची. हे झालं की डोक्यावर हेल्मेट आणि मग घोडीवर. तेव्हाही दोर घोडेवाल्याच्या हातात आणि मॅडम शेजारी.

"घोडी चालली की तिची पाठ हलते, तोल सांभाळायला अंगाला जागं राहावंच लागतं," मॅडम म्हणाल्या. "आणि मुलीचं लक्ष उडालं की घोडीला ते कळतं. ती ओरडत नाही. नुसती थांबते."

ही घोडी तशीही थांबायची. वर्षानुवर्षं पर्यटकांना फिरवून तिला सवय लागलेली, थोडं चाललं की उभं राहायचं आणि मान उजवीकडं वळवायची, फोटोसाठी. मग मुलगी टाळूला जीभ लावून टक् करायची आणि म्हणायची, "झाला फोटो. चला बाईसाहेब."

दोन महिन्यांनी तिनं मॅडमना सांगितलं, "दोर कुणी धरायचा न्हाई. मी एकटी फिरवणार."

"फिरव की," मॅडम म्हणाल्या. "दिवाळीच्या आत एकदा सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत कर, कुणी आठवण करून न देता. त्या दिवशी काका दोर सोडतील."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरला तिनं सांगितलं, गोठ्यातल्या म्हशीला सांगितलं. मला खात्री होती की पोरीला जमणार. फक्त त्या जमण्यात आपलाही थोडा हात असावा, असं वाटत होतं.

पहिल्या खेपेला खरारा करता करता ती वाळूवर घिरट्या घालणाऱ्या चतुराकडं बघत उभी राहिली. माझ्या तोंडून गेलं, "डावी बाजू ऱ्हायली!"

मॅडमनी शांतपणे सांगितलं, "पुढच्या शनिवारी, पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला म्होरकी चढवून ती उगाच उभी राहिली. मी नुसतं "चल!" म्हणालो, तेही हळू. पण माझं हळू परेड ग्राउंडवरचं. मुलगी हलली नाही. घोडी मात्र निघाली आणि सरळ दोन डबे तुडवून पलीकडं गेली. घोडेवाला हसून हसून खाली बसला. "आवं फौजी, कुणाला सांगताय? घोडीला मराठी कळतंय!"

येताना गाडीत मुलीनं विचारलं, "पप्पा, आज कोण चुकलं? मी का तुमी?"

मी गिअर बदलला.

दिवाळीआधीचा शेवटचा शनिवार आला. बोलायचं नाही हे मी पक्कं केलं होतं. म्हणून न बोलता मदत करायची युक्ती काढली. आमच्याच गुऱ्हाळातला गुळाचा खडा तिच्या ट्रॅकपँटच्या खिशात घातला. गुळामागं घोडी येणारच, मध्ये थांबायचा प्रश्नच नाही. ऊसवाल्याच्या डोक्यात प्रत्येक अडचणीवर गूळ हा एक इलाज असतोच. त्या दिवशी बायकोही बरोबर होती, तिनं बघितलं.

"पोरीला जमतंय," ती म्हणाली. "दम तुमाला निघंना."

मुलीनं खरारा केला, दोन्ही बाजूंनी. ब्रश केला. म्होरकी चढवली. मध्ये एकदा पत्र्यावर माकड धावलं, तिनं वर बघितलं आणि परत खाली बघितलं. मग तिनं दोर धरला आणि निघाली. घोडी काही पावलं आली आणि तिला वास लागला. तिनं नाक घातलं ते थेट खिशात. मुलगी पुढं ओढतेय, घोडी खिसा ओढतेय, दोघी जागच्या जागी गरगर फिरल्या आणि एक डबा आडवा झाला.

मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर गुळाचा कबुलीजबाब द्यावा लागला असता.

मुलगी थांबली. छताकडं बघत राहिली. मला वाटलं, गेलं लक्ष, संपला शनिवार. पण ती विचार करत होती. तिनं खिशातला खडा काढला, घोडीला घेऊन जाळीपाशी आली आणि भोकातनं खडा माझ्या हातात ठेवला.

"हे धरा तुमचं."

आता घोडी माझ्या मुठीसमोर जाळीला नाक लावून उभी. हलेना.

"घोडी फौजींची झाली," घोडेवाला म्हणाला.

मुलगी हसली नाही. "पप्पा, तुमी तिकडं गाडीमागं जावा. आन् हिकडं बघू नका. बघितलं की बोलताय तुमी."

मॅडमकडं मी आशेनं पाहिलं. त्या खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. बायकोला जाळीपाशी राहायची परवानगी होती. मी एकटाच गेलो. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस गाडीमागं, शेडकडं पाठ करून, हातात वितळणारा गूळ घेऊन उभा. हायवेवरनं उसाचे ट्रॅक्टर चाललेले. एकानं हात केला, मीही केला.

मागनं पत्र्याचा आवाज आला. पडलेला डबा ती उभा करत होती. मग टक्. वाळूत खुरांचा आवाज फार होत नाही, त्यामुळं मधलं काही कळेना. पुन्हा टक्. मान वळत होती, मी ती हातानं धरली म्हटलं तरी चालेल. शेवटी खुंटीला कडी लागल्याचा आवाज आला आणि त्यामागनं मॅडमचा, "हेल्मेट घाल."

घोडेवाला म्हणाला, "सोडला बरं का दोर."

मी तसाच उभा. बघ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या असाव्यात, त्यानंतर हाक आली, "पप्पा, आता बघा."

मी पळतच जाळीशी गेलो. घोडेवाला हात बांधून लांब उभा होता, मॅडम चार पावलं मागनं चालत होत्या, आणि मुलगी एकटी वळण घेत होती. माझ्यासमोरनं गेली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. घोडीच्या दोन कानांच्या मधनं ती समोर बघत होती, पुढच्या वळणाकडं.