गंधकाच्या भट्टीजवळचं जास्वंद

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती बिदर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. घरात सगळे मास्तर. कारखान्यात जाणारी मीच पहिली. त्यामुळे सुरुवातीला तिथली प्रत्येक गोष्ट मी जत्रेत आल्यासारखी बघत असे.

उसाचा रस साफ व्हावा, साखर पांढरी निघावी म्हणून रसात चुना घालतात आणि गंधकाचा धूर सोडतात. गंधक जाळायची भट्टी एका कडेला पत्र्याच्या शेडमध्ये होती. ती सांभाळायला मुडबी गावाकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आता थोडी शेती आणि ही नोकरी. सगळे त्यांना अप्पा म्हणत. रसाचा नमुना घ्यायला मी तिकडं गेले की घसा खवखवायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. अप्पा मात्र ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून निवांत बसलेले.

"अप्पा, तुम्हाला वास येत नाही का?"

"पैल्यांदा यायचा, अक्का. आता काईच कळंना. सवय झाली," ते म्हणाले, आणि बराच वेळ खोकत राहिले.

कामावर येताना ते घरच्या झाडाचं लाल जास्वंद आणायचे. पाण्यात बुडवून भट्टीच्या पाइपाजवळ लावलेल्या देवाच्या तसबिरीपुढं ठेवायचे. एकदा दुपारी मी गेले तर ते फूल पांढरं पडायला लागलं होतं. सुकलं नव्हतं, पाकळ्या ओल्याच होत्या. नुसता रंग उडालेला.

"काय बघायलाव अक्का? ह्ये रोजचंच हाय. देव रंग घेतो, फूल आपल्याला ठिवतो."

मला काही ते कोडं सुटेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून दोन फुलं मागून घेतली. एक तिथंच ठेवलं, दुसरं प्रयोगशाळेच्या खिडकीत ओल्या बशीत. संध्याकाळपर्यंत खिडकीतलं मलूल झालं, पण लालच राहिलं. शेडमधलं पार फिकटलं. गंधकाचा धूर ओल्या पाकळीचा रंग खातो, हे कॉलेजात शिकले होते. म्हणजे धूर पाइपात राहत नव्हता, बाहेर येत होता. आणि फुलाच्या शेजारीच अप्पांचं स्टूल होतं.

मी आमच्या मुख्य केमिस्टांना सांगितलं. ते आधी हसले, मग बशीतलं फूल आणि शेडमधलं फूल शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. "चला, अमोनिया घ्या," म्हणाले.

काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून अमोनियात भिजवला. पाइपाच्या सांध्याजवळ काडी फिरवायची. धूर गळत असेल तर तिथं पांढरा ढग उठतो. इंजिनिअरही आले. पहिल्या सांध्यांवर काहीच नाही. तसबिरीमागच्या सांध्याजवळ काडी नेली आणि भसकन पांढरा लोट उठला. अप्पा स्टुलावरून उठून मागं सरकले.

"अगं बाबा! ह्ये माज्या डोस्क्यामागंच व्हतं?"

भट्टी बंद झाली. वरच्या साहेबांनी आरडाओरडा केला, पण इंजिनिअर ऐकेनात. सांधा खोलला तर सांधा घट्ट बसवणारं आतलं गॅस्केट धुरानं खाल्लेलं. ते बदललं, शेडचा बंद पडलेला पंखा चालू केला, आणि ओल्या टॉवेलाऐवजी गॅसचे मास्क आले. ओल्या टॉवेलानं हा धूर अडत नाही, हे अप्पांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरकडं जायला मात्र ते तयार होईनात. "दम लागतो त्यो वयानं," म्हणत.

"गाळपाचा सीझन बंद असतो तेव्हाही लागतो का?" मी सहज विचारलं.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "न्हाई की. तवा बरं असतंय. कामून बरं?"

त्या प्रश्नामुळंच ते बिदरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, श्वासाच्या वाटा आवळल्यात म्हणाले, आणि या गॅसजवळ पुन्हा काम करायचं नाही असं बजावलं. कारखान्यानं त्यांना ऊस उतरवायच्या अड्ड्यावर हलवलं.

अप्पा माझ्यावर रुसले. इतक्या वर्षांची भट्टी, ती दुसऱ्याच्या हाती गेली. समोरून गेले तरी बघत नसत. मला वाईट वाटायचं.

सीझन संपत आला तेव्हा नमुन्याचा ऊस आणायला मी अड्ड्यावर गेले. थंडीत अजून छाती वाजते, असं त्यांनी रुसवा विसरून आपणहून सांगितलं. तेवढं कदाचित कायमचं राहील, असं डॉक्टर म्हणतात. एवढ्यात एक ट्रॅक्टर रांग मोडून पुढं घुसला. अप्पा तरातरा चालत गेले आणि ड्रायव्हरला आधी कन्नडमध्ये, मग दखनी उर्दूत, मग मराठीत झापू लागले. मी उसाची मोळी धरून ऐकत उभी राहिले. एवढं सगळं ते मधे कुठंही खोकायला न थांबता बोलले.