हरवलेलं पोर आणि बोंबलाचं कालवण

एका सिनेमातलं पोरगं हरवलं आणि अंबरनाथला आमच्या घरात आठ दिवस मासळी बंद झाली.

चूक माझीच. मोबाइलवर 'कौटुंबिक' एवढंच वाचून मी आईला आणि बायकोला उल्हासनगरला सिनेमाला नेलं. (पुढे 'थरारपट' असंही लिहिलं होतं. चष्मा घरी होता!) सिनेमात दहा वर्षांचं पोरगं रागावून घर सोडतं आणि त्याची आई दारात बसून राहते. इंटरव्हलला सगळे समोसे खात होते, आमची आई मात्र डोळे मिटून, हात जोडून!

"आई, काय झालं?"

"गावदेवीला बोलले. पोर घरी येईपर्यंत मी मासळीचा घास घेणार नाय."

"अगं, पिक्चर आहे तो!"

"मना येडी समजतोस काय? पिक्चर खोटा असंल. नवस खरा असतो."

म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे, शेवटी पोरगं येईलच. तर शेवटी काय? दारावर थाप पडते, ती आई धावत उठते आणि पडदा काळा! मी भर थेटरात ओरडलो, "अरे, आलं की नाही ते तरी सांगा!" शेजारच्या खुर्चीतले सिंधी काका म्हणाले, "भाईसाब, पार्ट टू आयेगा. दो-तीन साल में."

दो-तीन साल! आम्ही आगरी माणसं. आईला मासळीशिवाय घास उतरत नाही. ती वरणभातात बोटं फिरवून उठायची. तिच्यासमोर आम्ही तरी कसे खाणार? रोज दुधी! मी थाप मारून पाहिली, "आई, आलं गं ते पोर, मित्र सांगत होता."

"त्यानं बघितलं?"

संपलं! आठव्या दिवशी तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, तेव्हा मात्र मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"आई, दहावीत नापास झालो तेव्हा मीही पळालो होतो. तेव्हा काय सोडलं होतंस?"

"काय नाय. बोंबलाचं कालवण केलं न् दार उघडं ठेवलं. शेजारच्या गच्चीवरनं आलास की वासावर!"

(तीस वर्षं मी समजत होतो, मला पश्चात्ताप झाला होता.)

"मग यालाही तसंच बोलाव ना!"

आई विचारात पडली. "खाणार नाय म्हणाले. रांधणार नाय असं कुठं म्हणाले?"

संध्याकाळी कालवण झालं. पहिलं ताट आईने त्या पोरासाठी दाराशी वाढलं. मग आई आणि बायको बाकीची ताटं वाढायला आत गेल्या. ताटासमोर मी एकटाच. आणि आठ दिवसांचा दुधी! त्या बाहेर आल्या तेव्हा मी बोटं चाटत होतो.

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, ते नवसाचं ताट!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "असू दे गो. आला माझा पोर घरी," म्हणाली आणि तिने आपल्या भातावर कालवण ओतून घेतलं. आठ दिवसांनी ती पोटभर जेवली. मलाही रडू आवरेना.

सेहेचाळिसाव्या वर्षी, डोक्याला टक्कल पडल्यावर, मी हरवलेलं पोर म्हणून सापडलो होतो! शेवटचा घास घेता घेता आईने विचारलं,

"जेवायच्या आधी हात धुतलेस काय रे?"

धुतले नव्हते.