बाराव्या सेकंदाची मोकळी जागा

"बाराव्या सेकंदाला थांबवा, मॅडम," विलासदादा म्हणाले.

मी मूव्ही पॉज केली. स्क्रीनवर एका प्रोटीनच्या खोबणीत आमचा रेणू अलगद बसला होता. त्याच्या डाव्या अंगाला चांगली ऐसपैस जागा दिसत होती. विलासदादांनी तिथं पेनाचं टोक टेकवलं.

"ही जागा मोकळी हाय ना?"

"दिसतेय तर."

"मग माजी शेपटी तिथं बसत का नाय?"

मोहोपाड्याजवळ औषधांवर संशोधन करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कॉम्प्युटेशनल केमिस्ट आहे. म्हणजे केमिस्ट, पण हाताला ॲसिडचा डाग नसलेली. रोगजंतूच्या शरीरात जी प्रोटीन्स असतात त्यांचे आराखडे आम्हाला फाइलमध्ये मिळतात. कुठला अणू कुठे आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर त्याचं चित्र काढतं. त्या प्रोटीनच्या खोबणीत एखादा रेणू घट्ट अडकवला की जंतूचं काम थांबतं. तसा रेणू सुचवायचा, हे माझं काम.

विलासदादा तो रेणू प्रत्यक्षात बनवतात. ते कळंबचे. बी.एस्सी. होऊन लॅबमध्ये लागले त्याला अठरा वर्षं झाली. त्यांच्या हातची पावडर अशुद्ध निघाली, असं मी तरी ऐकलेलं नव्हतं.

आता मात्र तसं बोललं जात होतं. रेणूला डाव्या बाजूने एक शेपटी जोडायची, म्हणजे ती मोकळ्या जागेत जाऊन बसेल आणि पकड वाढेल, असं केमिस्ट्रीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. विलासदादांनी तो रेणू बनवला. टेस्टमध्ये त्याची पकड वाढली तर नाहीच, पार सुटली. त्यांनी पुन्हा बनवला. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा शुद्ध करून पाठवला. आमचे हेड, प्रधान सर, म्हणाले की बनवण्यातच काहीतरी चुकतंय.

"जागा हाय, शेपटी हाय, मंग चूक माजीच ना," विलासदादा म्हणाले. "म्हणून म्हटलं, डोळ्यानं परत एकदा बघावं."

मी मूव्ही थोडी मागे घेऊन पुन्हा लावली. नऊ, दहा, अकरा. दहाव्या सेकंदाला काहीतरी नाहीसं झालं. मी मूव्हीमागची फाइल उघडली.

हे नीट समजायला मूव्ही कशी बनते ते सांगायला हवं. या सॉफ्टवेअरमध्ये खाली एक लांब पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर आपण खुणा करायच्या. पहिल्या सेकंदाला कॅमेरा लांब, पाचव्याला जवळ, आठव्याला प्रोटीन डावीकडे फिरवा. या खुणा म्हणजे की-फ्रेम. दोन खुणांच्या मधलं सगळं सॉफ्टवेअर स्वतः भरतं. काय दाखवायचं आणि काय लपवायचं, तेही याच पट्टीवर ठरतं.

दहाव्या सेकंदावर माझी एक खूण होती. लूप, हाइड.

प्रोटीन म्हणजे एक लांबलचक माळ, स्वतःभोवती गुंडाळलेली. गुंडाळताना काही ठिकाणी सैल वेटोळं बाहेर राहतं. ते लूप. आमच्या खोबणीच्या डाव्या तोंडाशी असा एक लूप आहे. मूव्ही बनवताना तो बरोबर कॅमेऱ्याच्या आणि रेणूच्या मध्ये येत होता. मूव्ही पैसे गुंतवणाऱ्या पाहुण्यांसाठी होती. पहिला ड्राफ्ट बघून सरांनी ईमेल केला होता, मधलं ते वळवळणारं काढून टाक, पाहुण्यांना काही दिसत नाही. मी दहाव्या सेकंदाला लूप लपवला आणि चौदाव्याला परत आणला. मूव्ही छान झाली. पाहुणे खूश झाले. मी ती विसरून गेले.

पुढे सरांनी तीच मूव्ही केमिस्ट्रीच्या मीटिंगमध्ये लावली. त्या दिवशी मी खोपोलीला मावसबहिणीच्या लग्नात होते. बाराव्या सेकंदाला सगळ्यांना मोकळी जागा दिसली आणि शेपटीचं ठरलं. मला नंतर नव्या रेणूचा फक्त कोड नंबर कळला.

"काय झालं?" विलासदादांनी विचारलं.

"काही नाही. बघते मी."

ते गेले. दार लावून बसावंसं वाटलं, पण आमच्या केबिनना दारं नाहीत. मी लूप परत आणला आणि विलासदादांचा रेणू, शेपटीसकट, खोबणीत ठेवून पाहिला. शेपटी लूपमधून आरपार गेलेली. स्क्रीनवर एक वस्तू दुसरीतून जाऊ शकते. टेस्ट ट्यूबमध्ये जात नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये विलासदादा माझ्या शेजारीच बसले. कर्जतला उतरून ते मोटारसायकलने कळंबला जातात.

"सरांनी सांगितलंय," ते म्हणाले, "चौथ्यांदा करताना बाजूला दुसरा केमिस्ट उभा ऱ्हाईल. मी काय टाकतो, किती टाकतो, तो लिवून घेईल."

"कोण?"

"कोण का असंना. माज्यावर नजर ठेवायला माणूस लागतो, इथवर आलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाटेतलं चौक गाव मागे पडलं. मनात हिशेब चालला होता की लूपचं कुणाला कळण्यासारखं नाही. टाइमलाइन माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. चौथ्यांदाही पकड सुटली असती, शेपटीची कल्पना बाद झाली असती आणि विलासदादांच्या नावावर एक डाग राहिला असता. कर्जत आलं. "येते दादा," म्हणून मी उतरले. घरी आईने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, बस लागली. रोजच्या या रस्त्यावर मला कधी बस लागलेली नाही, हे आईला माहीत आहे. तिने पुढे विचारलं नाही.

सकाळी बस यायच्या आधी मी थांब्यावर त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. फोनवर दोन चित्रं दाखवली, लूपसकट आणि लूपशिवाय.

त्यांनी दोन्ही चित्रं मागे-पुढे सरकवून पाहिली.

"म्हंजे तुमी भिंत काढली, नि आमी तिथं खोली बांधाया गेलो."

"हो."

"तीनदा."

"हो, दादा."

"काल बसमधी ठाऊक होतं तुमाला?"

"होतं."

त्यांनी फोन परत दिला. बस आली. ते पुढच्या सीटवर जाऊन ड्रायव्हरशेजारी बसले.

अकरा वाजता रिव्ह्यू होता. विषयपत्रिकेवर माझं नाव नव्हतं. मी प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला आणि म्हटलं, मला पाच मिनिटं हवीत. मूव्ही लावली, बाराव्या सेकंदाला थांबवली, लूप परत आणला. मग शेपटीचा रेणू ठेवला. काही समजावून सांगावं लागलं नाही. खोलीत आठ केमिस्ट होते.

प्रधान सर खुर्चीत जरा पुढे सरकले.

"हा लूप मूव्हीत का नव्हता?"

"मी लपवला होता. कॅमेऱ्याच्या आड येत होता."

"कुणी सांगितलं लपवायला?"

त्यांचा ईमेल माझ्या इनबॉक्समध्ये होता. तो मी दाखवला नाही. त्यांनी काढायला सांगितलं होतं हे खरं. पण खाली ‘इथे लूप लपवला आहे’ एवढं लिहायला मला कुणी मनाई केलेली नव्हती.

"मी लपवला, सर. लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही."

"आणि हे कधी कळलं?"

"काल दुपारी."

"मग काल संध्याकाळी चौथ्या बॅचचं सामान काढलं गेलं, तेव्हा तू कुठे होतीस?"

मी प्रोजेक्टरची वायर काढून घेतली.

सर विलासदादांकडे वळले. "विलास, तुझ्या तिन्ही बॅचची शुद्धता किती होती?"

"तिन्ही नव्व्याण्णवच्या वर, सर. रिपोर्ट पहिल्या दिवसापासून फाइलला लावलेत."

"मी पाहिले नाहीत," सर म्हणाले. "पाहायला हवे होते." आमचे सर स्वतः चुकले असं कधी म्हणत नाहीत. त्यामुळे हे वाक्य सगळ्यांनी नीट ऐकलं. चौथी बॅच रद्द झाली. शेजारी उभं राहायचं काम ज्याला मिळणार होतं, तो केमिस्ट सर्वांत आधी चहाला गेला.

मला लेखी खुलासा द्यावा लागला, एक पान. त्यातही मी ईमेलचा उल्लेख केला नाही. सरांना तो आठवला की नाही, कळायला मार्ग नाही.

विलासदादा दोन आठवडे बसमध्ये पुढेच बसले. मग एके दिवशी लॅबमधून थेट माझ्याकडे आले, हातात कागद. शेपटी उजव्या बाजूला लावली तर कशी, असं त्यांनी पेन्सिलने काढून आणलं होतं. मी मूव्ही उघडायला गेले.

"पिच्चर नको," ते म्हणाले. "आकडे दावा. कुठला अणू कुठल्या अणूपासून किती लांब हाय, ते."

आम्ही दोघांनी बसून एकेक अंतर मोजलं. दीड तास लागला. उजवीकडची शेपटी बनली, टेस्टला गेली आणि पकड थोडी वाढली. फार नाही. औषध होईल इतकी तर नाहीच. पण टेस्टचा रिपोर्ट विलासदादांच्या नावाने आला, आणि ते त्या दिवशी बसमध्ये मागे येऊन बसले. लूपविषयी आम्ही बोललो नाही. भाताची लावणी कुठवर आली, ते बोललो.

आता माझ्या प्रत्येक मूव्हीत, जे लपवलेलं असतं ते जितके सेकंद लपवलेलं असतं, तितके सेकंद खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. मार्केटिंगवाले म्हणतात, त्या ओळीने फ्रेम खराब दिसते. खराब दिसते हे खरं आहे. मागे फ्रेम चांगली दिसली, तेव्हा एका माणसाने तीनदा बिनचूक काम केलं आणि तिन्ही वेळा तो चुकीचा ठरला. त्यापेक्षा खराब फ्रेम परवडते.