फुलीबाईच्या पेटीचं झाकण

फुलीबाईला तिकिटांचा नाद लागला तो फुटाण्यांमुळे. नंदुरबारच्या बाजारात तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक पाटी आणि डोक्यावर गोणपाट. पुड्या बांधायला ती कापसाच्या पेढ्यांवरची रद्दी घ्यायची. पेढीवाल्यांचे भाऊबंद आफ्रिकेत गेलेले, त्यामुळे रद्दीत तिकडची पाकिटंही यायची. एकदा एका पाकिटावर लांबच लांब मानेचं हरीण निघालं. सातपुड्यातून डिंक विकायला येणाऱ्या बायकांना तिनं विचारलं, पण असलं जनावर त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं ते तिकीट पाण्यात भिजवून सोडवलं, त्याच बायकांकडून बाभळीचा डिंक घेतला, आणि लग्नात मिळालेल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाकलं.

झाकणात देव चिकटवायची आमच्याकडे पद्धतच. लुगडं काढायला पेटी उघडली की आधी देवाचं दर्शन. फुलीबाईच्या पेटीत बालाजी होता. त्याच्या भोवती आता जहाजं, उंट आणि नाना देशांचे राजे गोळा होऊ लागले.

"तुले याड लागनं शे का?" नवरा उखा म्हणायचा. पण पाहुणे आले की पेटी उघडून दाखवायची घाई त्यालाच!

पुढे हे वेड शाळेतल्या पोरांना लागलं. वेड म्हणजे किती? पोरं फुटाणे नकोत, पाकीट दे म्हणत पाटीला गराडा घालायची. घरोघरी तिकिटांच्या वह्या झाल्या. मग महायुद्ध आलं, बोटी अडल्या, परदेशचं टपाल आटलं. पोरांचं लक्ष सिनेमाकडे गेलं. पिठाच्या खळीनं चिकटवलेल्या त्यांच्या वह्या कसरीनं खाल्ल्या, आणि कुणाला त्याचं दुःखही झालं नाही. मला तर त्या पोरांचा रागच येतो. नाद करायचा आणि असा अर्ध्यावर टाकायचा?

फुलीबाईनं टाकला नाही. गावातल्या छंद मंडळानं तिकिटांचं प्रदर्शन जाहीर केलं, तेव्हा मांडायला माणसंच मिळेनात. ही मात्र हटून बसली. जन्मभर लोकांनी तिला फुटाणेवाली म्हणूनच हाक मारली होती. एकदा तरी तिकिटवाली म्हणून प्रदर्शनाच्या टेबलाशी उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

उखानं डोक्यावरून पेटी आणली. परीक्षक धुळ्याचे एक वकील होते, माणूस सज्जन. त्यांनी झाकण कौतुकानं पाहिलं आणि मान हलवली. "बाई, संग्रह सुंदर आहे. पण चिकटवलेली तिकिटं नियमात बसत नाहीत. तिकिटाची मागची बाजूही तपासावी लागते."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. फुलीबाईचा चेहरा क्षणभर उतरला.

"आत्तेच सुट्टा करी देस," ती म्हणाली. "मंग ठेवशात का?"

"न फाटता निघाली तर जरूर ठेवू. पण फाटतील हो."

"फाटनं त मन्हं फाटी. कोमट पानी लई या."

उखानं दगडानं ठोकून बिजागरीच्या सळया काढल्या. झाकण टेबलावर उलटं ठेवलं, आणि त्याची चक्क परात झाली. फुलीबाईनं हात जोडले आणि पाणी ओतलं. सगळी सभा येऊन टेबलाभोवती लोटली. बराच वेळ काहीच होईना. मग सगळ्यांच्या आधी बालाजी सुटून वर आला, आणि गर्दीतून आपोआप जयजयकार झाला. त्याच्यामागून एक उंट आला, एक जहाज आलं, राजे तर रांगेनं आले. एका जांभळ्या तिकिटानं रंग सोडला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तेवढं गेलंच. बाकीची तिकिटं फुलीबाई ओंजळीनं उचलायची आणि उखानं शेजारी अंथरलेल्या जादा धोतरावर पसरायची.

हरीण हलेना. पहिलंवहिलं तिकीट ते, त्याच्यावर डिंक भरपूर थापलेला. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "राहू द्या बाई, एवढी पुरेत." तिनं ऐकलं नाही. आणखी कोमट पाणी ओतलं आणि हात बांधून उभी राहिली. लोकांनी श्वास रोखले होते. आधी एक कोपरा सुटला, मग ती लांब मान, आणि मग अख्खं हरीण पाण्यावर तरंगलं!

टाळ्या काय, शिट्ट्या काय! मघाशी हसलेला गडीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. वकीलसाहेबांनी पहिलं बक्षीस जाहीर केलं ते "फुलीबाई तिकिटवाल्या" असं म्हणून. तिकिटं उचलून झाल्यावर उखानं ते ओलं धोतर तसंच खांद्यावर टाकलं आणि तो मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो, तर बाई डिंक कालवत बसलेली. बालाजी जागेवर गेला होता, आणि शेजारी हरीण चिकटवणं चाललं होतं.

"अहो फुलीबाई, आता पुन्हा नियमात बसायची नाहीत ही!"

तिनं हरणावर अंगठा दाबून धरला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"नियम त्यासना टेबलले," ती म्हणाली. "पेटी मन्ही शे."