पाच पानांची आकृती

"इंग्लिश मीडियमनी शे ना ती, पाच पानं काढी बसनी," मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली. दोघी हसल्या. मला ऐकूच आलं नाही, असं मी दाखवलं. 'पुस्तकात तीनच आहेत' म्हणत सरांनी नुकतीच माझ्या जर्नलमधल्या आकृतीवर लाल फुली मारली होती. त्या पानावर सही झाल्याशिवाय पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला बसू देणार नव्हते.

लोणखेड्याच्या आमच्या कॉलेजात बरणीवर 'इलोडिया' अशी चिठ्ठी आहे. आतली वनस्पती मात्र दर वर्षी जवळच्या पाटातून उपसून आणतात, आणि ती असते हायड्रिला. इलोडिया मूळची अमेरिकेतली, आमच्या पाटात कुठून येणार? दोन्ही एकाच कुळातल्या, पाण्याखाली वाढणाऱ्या, लांबून सारख्याच दिसणाऱ्या. पण इलोडियाच्या खोडाभोवती एका वेढ्यात बहुतेक तीन पानं असतात, मऊ, बोटांतून निसटणारी. हायड्रिलाला चार-पाच, कधी आठसुद्धा. पानांच्या कडेला दाते, मागच्या शिरेवर बारीक काटे. उलटं बोट फिरवलं की मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागतं. याला भिंगही लागत नाही.

पण बरणीत हात घालतो कोण? आकृती मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलमधून उतरवायची, त्यांनी ती त्यांच्या आधीच्यांकडून घेतलेली. तीन पानं तशीच चालत आली आहेत.

"काढ ना माय तीन! तुन्हं काय जास?" शेजारची मैत्रीण म्हणाली आणि खोडरबर माझ्याकडे सरकवलं.

दोन पानं पुसायची, एवढंच. मला सरांपेक्षा माझाच जास्त राग येत होता. वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार असायचं. ते मराठीत आणेपर्यंत सर पुढच्या टेबलाशी पोचलेले. मग मी मान खाली घालून पेन्सिलला टोक करत बसायचे. टोक आधीच केलेलं असायचं.

सर फिरून आले. "झालं का दुरुस्त, मॅडम?"

मी बरणीत हात घालून एक फांदी बाहेर काढली. पाणी जर्नलवर ठिबकलं, सरांच्या बाहीवरही.

"सर, मी पुसणार नाही. पुस्तकातली नको, ही पानं मोजा. आणि हात लावून बघा."